टाळ्या वाजल्या तेव्हाच कळायला हवं होतं

माझ्या पहिल्याच ग्रामसभेत मला टाळ्या मिळाल्या होत्या. खरोखरच्या टाळ्या. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात पन्नास-साठ माणसं बसलेली, हातात तो खरखर करणारा माईक, आणि मी भूगर्भशास्त्राची डिग्री घेऊन नुकतीच एका संस्थेत लागलेली, बीड-नगरच्या सीमेवरच्या कोरड्या पट्ट्यात भूजलाचं काम करायला. मी म्हटलं, "तुमच्या गावची पाणीपातळी ऑक्टोबरमध्ये चार मीटर होती, मार्चमध्ये ती नऊ मीटर झाली आहे." आणि टाळ्या. मला वाटलं, वा, काय जागरूक गाव आहे.

परतताना गाडीत आमचे ड्रायव्हरकाका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मॅडम, एक विचारू का, पाणी वाढलंय म्हणून टाळ्या वाजवल्या त्यांनी, पण विहिरी तर कोरड्या दिसत होत्या ओ. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही पातळी मोजतो ती जमिनीपासून खाली. चारची नऊ झाली म्हणजे पाणी पाच मीटर खोल गेलं. सरकारी भूजल यंत्रणा १९७२ पासून आहे, तिच्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चारदा होते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, आणि सगळीकडे आकडा असाच लिहितात, त्यामुळे मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ऐकणाऱ्याला 'चार होते, नऊ झाले' हे कसं ऐकू येईल हा विचारच शिवला नाही. आणि गावातल्या कुठल्याही माणसाला विचारा, विहिरीला पाणी किती, तो सांगतो तळापासून वर किती आहे ते. "पाच फूट हाय अजून." माझा आकडा वाढला की पाणी कमी, त्याचा आकडा वाढला की पाणी जास्त. दोघंही बरोबर, आणि मी एका गावाला दुष्काळाची बातमी देऊन टाळ्या घेऊन आले.

त्याला आता बारा वर्षं झाली. अजून ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

मग मी शब्दांच्या मागे लागले. इंग्रजीत शिकलेलं सगळं मराठीत आणलं की झालं अशी माझी समजूत. अ‍ॅक्विफरला पुस्तकी मराठीत 'जलधर' म्हणतात, म्हणून मी प्रत्येक सभेत जलधर जलधर करत सुटले. एका गावात एक रिटायर्ड गुरुजी पुढच्या रांगेत बसायचे, पांढरी टोपी, कुडत्याच्या खिशाला पेन. त्यांनी सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, ताई, जलधर म्हणजे ढग ना? मेघ, जलद, जलधर, आम्ही पोरांना समानार्थी शब्द शिकवायचो, तुम्ही जमिनीखाली ढग शोधताय का? मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली, कारण मराठी शब्द वापरला म्हणजे माणसांना समजेल असं बोललो असं मी धरून चालले होते. त्यापेक्षा "खाली जिथं पाणी मुरतं तो खडक" असं लांबलचक म्हटलं तर काय बिघडत होतं. काही नाही.

उलट काही शब्द माणसांकडे तयार होते आणि माझ्याकडेच नव्हते. सच्छिद्र बसाल्ट म्हणून मी एका विहीर खोदणाऱ्या मुकादमाला काहीतरी समजावत होते, तर त्यानं ढिगाऱ्यातला एक दगड उचलून माझ्या हातात दिला, भोकाभोकांचा, त्यात पांढरे दाणे भरलेले. "मांजऱ्या म्हना की." मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मधे मधे गेरू. सह्याद्रीपासून मराठवाड्यापर्यंत एकावर एक थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांचं सगळं शास्त्र त्या चार शब्दांत बसलेलं होतं, आणि कुठल्या थराला पाणी लागतं हे त्याला कुदळीच्या आवाजावरून कळायचं. त्या दिवसापासून माझ्या गावातल्या नकाशांवर मांजऱ्या लिहिलेलं असतं. ऑफिसात पाठवायच्या नकाशावर नाही, तिथं वेगळं लिहावं लागतं.

मापांचं तर विचारूच नका. बोअरचं पाणी इंचात. "दोन इंच लागलं" म्हणजे भरपूर, "अर्धा इंच" म्हणजे कर्ज बुडालं. विहिरीची खोली जुन्या माणसांकडे परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, तरण्यांकडे फुटात. जमीन एकर-गुंठ्यात, हेक्टर फक्त सातबाऱ्यावर. पाऊस नक्षत्रात आणि ओलीत. मी सांगायचे ११२ मिलिमीटर पडला, समोरचा म्हणायचा, म्हणजे वीतभर ओल गेली असंल. मी कितीतरी दिवस याला 'अडाणी मापं' समजत होते, मनातल्या मनात, तोंडानं कधी म्हटलं नाही पण समजत होते. मग लक्षात आलं की वीतभर ओल हे माप पेरणी करायची का नाही याचं सरळ उत्तर देतं आणि ११२ मिलिमीटर देत नाही. तो चार दिवसात पडला का एका तासात, हे ११२ मध्ये कुठंय?

पाणाड्या नेहमी आमच्यापुढे का असतो, तेही मला यातूनच कळलं. तो येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरतो, एका जागी नारळ उभा राहतो, तो म्हणतो इथं घ्या, दोनशे फुटावर दोन इंच. आम्ही मशीन घेऊन जातो, चार तास वायरी पसरतो, जमीन विजेला किती अडवते ते, म्हणजे रोधकता, मोजतो आणि शेवटी म्हणतो की या पट्ट्यात शक्यता तुलनेनं बरी आहे. कोण ऐकेल? नारळावर माझा काडीचा विश्वास नाही हे आधीच सांगते. पण शेतकऱ्यानं विचारलेलं असतं 'कुठं खोदू', पाणाड्या त्याचंच उत्तर देतो, आणि आम्ही आमच्याकडे ज्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे त्याचं देतो.

तर मी टँकर शोधून काढला. म्हणजे टँकर आधीपासून होताच, उन्हाळाभर धूळ उडवत फिरणारा. मी एका रात्री हिशेब केला: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे बरोबर एक टँकर! अडीच एकर रान आणि एक मिलिमीटर पाऊस, एक टँकर. मला त्या रात्री झोप आली नाही इतका आनंद झाला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडलं. पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या एका एकरावर आभाळातून दोनशे टँकर ओतले जातात. त्यातले खाली खडकात मुरणार दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वीस. आणि पाटानं भिजवलेल्या एक एकर उसाला लागतं दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी, म्हणजे आठशे टँकर. मंडपात एकदम शांतता. दोनशे, वीस, आठशे. एवढंच. 'पाण्याचा ताळेबंद' या विषयावर मी जे दीड तास बोलायचे ते तीन आकड्यांत झालं. अर्थात मागून एकजण उठलाच की मग सरकारनं ते आठशे टँकर पाठवावेत, आणि सगळे हसले, मीही हसले, पण घरी येऊन विचार केला की टँकर हा शब्द ऐकल्यावर त्या माणसाला सरकार आठवणं साहजिकच आहे. कुठलंही माप रिकामं येत नाही, त्याच्यासोबत काहीतरी चिकटून येतंच.

बँकेची गोष्ट तशीच. आमच्या क्षेत्रात सगळे म्हणतात की भूजल म्हणजे बँकेतली ठेव, पावसाळ्यात भरा, उन्हाळ्यात काढा, मुद्दल खाऊ नका. पोस्टरवर पिगी बँकेचं चित्रसुद्धा असतं (आमच्या पट्ट्यात डुकराच्या पोटात पैसे टाकायची पद्धत कुणी कधी पाहिली होती देव जाणे). मीही म्हणायचे. एकदा एक शेतकरी, चाळिशीचा, कायम उभाच असायचा सभेत, कडेला खांबाला टेकून, तो म्हणाला, "मॅडम, बँकेतनं पैसे काढायला माझी सही लागती. इथं शेजाऱ्याचा बोअर माझी ठेव काढतोय. त्याला कुणाची सही लागती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, सामायिक संसाधन वगैरे, पण ते बोलायची इच्छा होईना. कारण त्यानं एका वाक्यात दाखवलं होतं की माझी उपमा सोपी होती आणि चुकीची होती. खाली खडक एकच, खाती नाहीतच. मग गुरुजीच म्हणाले, बँक कशाला म्हणता, पेव म्हणा. पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. आता आमच्या भागात कुणाकडे वापरात नाही, सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती ती खूप जणांनी ऐकलेली असतात, पण म्हाताऱ्यांना घरची पेवं आठवत होती. गावाचं मिळून एक पेव, आणि प्रत्येकाच्या घरातून त्यात उतरायला शिडी. ज्याची शिडी लांब तो तळाचं पण नेतो. हे सगळं त्यांनी बोलता बोलता जोडलं, मी नुसती बसून वहीत लिहीत होते. त्यात एकच दुरुस्ती मला करावी लागली, की हे पेव फार बारकं आहे. आपल्या खडकात शंभर घमेल्यांमागे पाणी जेमतेम दोन घमेली असतं, बाकी दगडच. विहीर मोकळी असते म्हणून तिच्यात फूटभर पाणी भरगच्च दिसतं, आणि तेवढंच खाली सगळीकडे पसरलंय असं वाटतं. एका गवंड्यानं मान डोलावली, त्याला घमेलं कळलं.

विलासराव साळुंखे पुण्याचे कारखानदार, इंजिनिअर माणूस, १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी पुरंदरच्या नायगावात काम सुरू केलं, पाणी पंचायत म्हणून. त्यांचा नियम मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये आवर्जून सांगते, कारण तो एका श्वासात सांगता येतो: पाणी माणशी, अर्ध्या एकराला, घरामागे जास्तीत जास्त अडीच एकर, आणि ऊस नाही. जमिनीवर नाही, डोक्यावर. भूमिहीनालाही त्यात हिस्सा. इतकं स्पष्ट बोललं की समोरच्याला 'समजलं नाही' म्हणायची सोय उरत नाही. हे वाक्य मी लिहितेय खरी पण त्याची किंमत काय असते ते मला फार उशिरा कळलं, येतेच त्यावर.

बायकांच्या बैठकीत टँकरचा फळा घेऊन गेले तर एक आजी म्हणाल्या, बाई, टँकर गड्यांचा, आमचा हिशेब हंड्याचा. माणशी दिवसाला ५५ लिटर हा सरकारी निकष आहे, आमच्याकडचा हंडा साधारण पंधरा लिटरचा, म्हणजे माणशी पावणेचार हंडे. पाच माणसांच्या घराला अठरा-एकोणीस. आजी म्हणाल्या, एकोणीस हंडे कोण देतंय, सात भरतात. मग त्यांनी माझा ताळेबंदाचा तक्ता बघितला, ज्वारी, हरभरा, कांदा, ऊस, जनावरं, आणि शेवटी एका रकान्यात 'घरगुती', आणि विचारलं, आमचा हंडा सगळ्यात खाली का? मी म्हटलं नुसता क्रम आहे तो. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या तक्त्यापासून तो रकाना वर घेतला, आकडे तेच. आणि चर्चा बदलली खरंच, कारण माणसं वरून वजा करत येतात.

ऑफिसातल्या लोकांशी बोलणं ही वेगळीच शाळा. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या साहेबांपुढे मला पहिल्यांदा दहा मिनिटं मिळाली आणि मी बावीस स्लाइड नेल्या. सातव्या स्लाइडला, खडकाच्या उभ्या छेदावर असताना, साहेब अगदी सभ्यपणे म्हणाले, मॅडम, छान आहे, पण यात मी सही कशावर करू? मी गप्प. मला काय हवं होतं ते बाविसाव्या स्लाइडवर होतं. बाहेर आल्यावर तिथल्या एका क्लार्कभाऊंनी चहा पाजून मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्सात मिळालं नसतं. एक पान. पहिल्या ओळीत मागणी. कुठल्या योजनेतून, किती रुपये, कधीपर्यंत, आणि मग 'सबब' लिहून कारण. आणि कॅलेंडर बघून यायचं, कारण टंचाई आराखड्याचे तीन टप्पे असतात, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, आणि मी फेब्रुवारीत जाऊन जानेवारीचं मागत होते. 'सबब' या शब्दाची मी आधी टिंगल करायचे. आता आवडतो. तो लिहिला की पुढे कारण द्यावंच लागतं, उगाच भावनेचा पाल्हाळ लावता येत नाही.

आणि मग सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून पैसे देणारे. पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारती, एसी इतका की मी शाल न्यायला लागले. तिथं प्रश्न एकच, इम्पॅक्ट किती. वाईट माणसं नाहीत हो ती, त्यांनाही वर कुणालातरी एक आकडा द्यायचा असतो. आमच्या एका बंधाऱ्याची साठवण २५ टीसीएम, म्हणजे अडीच कोटी लिटर. चांगला पाऊस झाला तर तो भरतो, मुरतो, परत भरतो, त्या वर्षी तीनदा भरला होता. तीन गुणिले अडीच, साडेसात कोटी लिटर. खोटं नव्हतं. बाष्पीभवन किती, खाली वाहून गेलं किती, ते खाली बारीक अक्षरात दिलं होतं, आणि बारीक अक्षर कोण वाचतं. त्यांना साडेसात कोटी फार आवडले. इतके आवडले की त्यांनी बंधाऱ्यावर बोर्ड लावला, निळा, लोगोसकट, '७.५ कोटी लिटर जलसंचय'.

मी आपली गावात टँकर बोलत होते, ऑफिसात सबब, पुण्यात कोटी लिटर. तिन्ही ठिकाणी मला लोक म्हणायचे, तुम्ही छान समजावता. मला वाटायचं जमलं आपल्याला. पण बोर्ड गावात होता.

मार्चमध्ये तोच खांबाला टेकणारा शेतकरी बोर्डासमोर उभा राहून मला म्हणाला, मॅडम, साडेसात कोटी लिटर म्हणजे तुमच्याच हिशेबानं साडेसात हजार टँकर. बंधाऱ्यापासून माझी विहीर दोन शेतं सोडून. तळ दिसतोय. कुठं गेले माझे टँकर? हे माप मीच त्याला दिलं होतं ना. आता त्यानं ते माझ्यावरच लावलं. मी बोलायला लागले की सगळं मुरत नाही, काही उडतं, तर तो म्हणाला, ते बोर्डावर लिहा की मग.

त्या रात्री परत हिशेब केला, यावेळी आनंद नव्हता. साडेसात हजार टँकर भागिले आठशे. नऊ एकर ऊस. सवा नऊ. एवढ्या मोठ्या निळ्या बोर्डाचं सगळंच्या सगळं पाणी मुरलं असं धरलं तरी नऊ एकर ऊस. आणि बंधाऱ्याला पाणी थांबायला लागल्यापासून वरच्या अंगाला बारा एकर नवा ऊस उभा राहिला होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

पुढच्या महिन्यात सीएसआरची टीम गावात आली, ग्रामसेवक, कृषी सहायक, तालुक्याहून एक साहेब, बायका, गडी, सगळे त्याच मंडपात. पहिल्यांदाच माझे सगळे श्रोते एका सतरंजीवर. आणि मला कळेना कुठल्या भाषेत बोलू. कोटी म्हणावं तर तो खांबापाशी उभा. इम्पॅक्ट म्हणावं तर आजी बसलेल्या. मग मी फळ्यावर लिहिलं: बंधारा, तीनदा भरला, साडेसात हजार टँकर. खाली लिहिलं, नऊ एकर ऊस. त्याखाली, नवा ऊस बारा एकर. त्याखाली, हंडे माणशी पावणेचार पाहिजेत, भरतो दीड. बस. इंग्रजीत सांगायची गरज पडली नाही, पुण्याहून आलेल्या पोरीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, तिला कळलं. साहेबांना कळलं. आजींना तर आधीच माहीत होतं.

कुणी काही बोललं नाही. कारण बारा एकरांतले पाच एकर उपसरपंचांचे होते आणि ते पहिल्या रांगेत, माझ्यापासून चार हातांवर, हातातल्या चहाच्या कपात बघत बसले होते. बारा वर्षं मी समजत होते की माझी अडचण भाषेची आहे. त्या दिवशी पाय कापत होते तेव्हा वाटलं की 'जलधर' किती सुरक्षित शब्द होता. त्याच्यामुळे कधी कुणाचा चहा गार झाला नव्हता.

सभा उरकली, नारळ-टोपी झालं, पाहुणे पुढच्या गाडीत बसले. मी दार लावून घेत होते तर उपसरपंच चालत आले. खिडकीवर हात ठेवून उभे राहिले, रागावलेले वाटत नव्हते, थकलेले वाटत होते. म्हणाले, "मॅडम, आधी बरं बोलायच्या तुम्ही. काय कळायचं नाही."